उपाशी पाणी

बंगल्यामागच्या पोहण्याच्या तलावात मी ॲसिडचं आणखी एक माप ओतत होते, तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन मागच्या दारी आले. "ही आमच्या जुन्या माणसाची बायको," ते म्हणाले. "तो पिऊन कामावर यायचा, छातीची वाट लावून घेतली. म्हटलं, बाईच्या पोटावर कशाला पाय द्या?" पाहुण्यांनी माझी कीव केली. मी खाली मान घालून जाळीने पानं काढत राहिले. मनात म्हटलं, बोला, बोला. तुमचंच पाणी तुम्हाला खातंय.

आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही. क्लोरीन आणि ॲसिड एका बादलीत कधी घालायचं नाही, हे या कामातलं पहिलं अक्षर. त्या दिवशी साहेबांकडे पार्टी होती, पाणी गढूळ होतं, आणि साहेबांना दम कुठला! ह्यांच्या क्लोरीनच्या बादलीत त्यांनी स्वतःच्या हाताने ॲसिड ओतलं आणि ढवळ म्हणाले. पिवळा धूर उठला. साहेब पळाले, हे बादलीवर वाकलेले होते. तेव्हापासून जिना चढताना ह्यांना मध्येच बसावं लागतं. वर साहेबांनी गावभर सांगितलं, प्यायलेला होता, त्यानेच घोळ घातला. मग ह्यांना कोणी दारात उभं करेना. छाती गेली ती गेलीच, नावही गेलं.

म्हणून मी ते काम मागून घेतलं. लोक म्हणाले, पोटासाठी. तेही खरंच, खोटं कशाला बोलू? पण पाणी उपाशी कसं राहतं, हे मी ह्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. ॲसिड वाढवत न्यायचं आणि त्यावर उतारा म्हणून टाकतात तो सोडा टाकायचाच नाही. पाणी दिसतं लख्ख, पण फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खातं, गिलावा खातं, पंपाचं लोखंड खातं. पोहायला कोणी उतरत नव्हतंच, तलाव दाखवण्यापुरता होता. कडेच्या फरशीत नख घातलं की आता भुगा यायचा. तो बोटांत चोळला की मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

पंचाईत घरी होती. हे दर खेपेला बाटलीभर पाणी मागायचे. खिडकीशी बसून काचेच्या नळीत औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग उजेडात धरायचे. लालसर गुलाबी आला की पाणी ठीक, पिवळा म्हणजे ॲसिड जास्त, गडद म्हणजे सोडा जास्त. तेवढंच काम त्यांना उरलं होतं. मी शेजारच्या बंगल्यातलं पाणी भरून न्यायचे. तो तलावही मीच बघायचे, आणि तिथे माझं कोणाशी वैर नव्हतं. हे खूश व्हायचे, हात बसला गं तुझा, म्हणायचे.

मग शेजाऱ्यांनी दुरुस्तीसाठी तलाव रिकामा केला. मी घरी सांगितलं, आज विसरले. पण पिशवीत साहेबांच्या पाण्याची बाटली होती, माझी मी तपासायला भरलेली. ती ह्यांच्या हाती लागली.

नळीत हळदीसारखं पिवळं झालं. त्यांनी नळी धुऊन पुन्हा थेंब टाकले. पुन्हा पिवळं. मग त्यांनी नळी माझ्यापुढे धरली, आणि मी सगळं ओकले. वाटलं होतं, शाबासकी देतील.

"आणि उद्या तळ उकरून बघतील तेव्हा?" ते म्हणाले. "म्हणतील, बेवड्याचं काम. बायकोलाही हेच शिकवलं. माझं पाणी तेवढं चोख होतं गं. तेवढंच उरलं होतं."

मला रडू आलं नाही, संताप आला. ह्यांचासुद्धा. "मग काय, सोडून देऊ त्याला?"

"सोड कोण म्हणतंय? आधी पाणी नीट कर."

मी थोडा थोडा सोडा टाकून पाणी ताळ्यावर आणलं. खाल्लेलं सिमेंट काही परत आलं नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही.

पुढच्या पार्टीला हे माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट घालून, बसत बसत. त्यांनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, गुलाबी रंग बघितला आणि नळी माझ्या हातात दिली. मग पाहुण्यांमधून वाट काढत थेट साहेबांपुढे जाऊन उभे राहिले, नाकाला नाक लागेल इतके जवळ.

"वास घ्या, साहेब," म्हणाले, आणि होता नव्हता तेवढा श्वास त्यांनी साहेबांच्या तोंडावर सोडला.

साहेब मागे सरकले. ह्यांनी पुन्हा छाती भरायला घेतली. वेळ लागला. त्या घरघरीशिवाय तिथे दुसरा आवाज नव्हता.

"नीट घ्या. त्या दिवशी घेतला नव्हतात. बादलीत ॲसिड कोणी ओतलं, ते सांगा आता ह्या लोकांना."

साहेबांनी तोंड फिरवलं. खुर्चीत बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आई म्हणाल्या, "सांग की रे."

साहेब ग्लास शोधायला लागले. पण आता ह्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे साहेबांकडे बघत होते. मीही बघून घेतलं, डोळे भरून.

फाटकाजवळ हे पायरीवर बसले. ओठ निळे पडले होते. मी पाठ चोळत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या हातातली नळी मागून घेतली आणि उजेडात धरली.

"सोडा जरा कमी चालला असता," ते म्हणाले.