दाराशी आबांची खुर्ची

दुकानातल्या मालाला पाय फुटले आणि माझ्या डोक्याला नुसता ताप झाला. साबण, टूथपेस्ट, छोट्या क्रीमच्या डब्या, काय काय म्हणून सांगू. नवऱ्याने कोपऱ्यात मोठा गोल आरसा लावला, महागडा माल गल्ल्यामागे हलवला आणि सासऱ्यांना दाराशी खुर्ची टाकून दिली. "आबा, येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवा." आबा खूश. दुकान त्यांनीच काढलेलं. हल्ली फार विसरतात, पण दाराशी बसले की रुबाब तोच.

तरी माल कमी व्हायचा थांबेना. मग संशय आला कामाच्या ताईंवर. फळ्या पुसायला, माल मांडायला त्याच, मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. नवरा म्हणाला, "बाहेरच्या त्या एकट्याच. रोज निघताना त्यांची पिशवी बघत जा. या महिन्यात फरक पडला नाही तर दुसरी बाई बघू."

बघत जा म्हणे! स्वतः मात्र गोदामात. रोज संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या देखत ताईंच्या पिशवीत हात घालायचा मी. रिकामा डबा, छत्री, चष्म्याचं घर. त्या भिंतीकडे बघत उभ्या राहायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी कॅमेरा बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना आम्ही नवरा-बायको सकाळचं चित्रण बघत बसलो. एक बाई पैसे देऊन दाराकडे निघाली. आबा उठले, शेजारच्या फळीवरचा साबण उचलला आणि तिच्या पिशवीत अलगद टाकला. बाई हसली नि गेली. पुढच्यालाही तेच. पूर्वी आबा माल स्वतःच्या हाताने द्यायचे, तेव्हा प्रत्येकाला असंच काहीतरी वर घालायचे. त्यावरच तर गिऱ्हाईक जोडलं त्यांनी.

नवऱ्याने चित्रण बंद केलं. मग म्हणाला, "ही काही चोरी नाही. वय झालंय त्यांचं. ती फळी दारापासून हलव."

"आणि ताई?"

"त्यांना कशाला सांगायचं? उगाच बोभाटा होईल. चार दिवस पिशवी बघत राहा, मग हळूहळू बंद कर."

माझं डोकंच फिरलं. ताईंनी नेलं तर चोरी, आपल्या घरच्यांनी नेलं तर वय! पण भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

संध्याकाळी ताईंनी सवयीने पिशवी उघडून गल्ल्यावर ठेवली. मी हात घातला नाही. हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हायसं वाटेल त्यांना. त्यांनी पिशवी मिटलीही नाही.

"वहिनी, तपासायचात ते सगळ्यांसमोर. मग हे कानात का सांगताय?"

गल्ल्याशी तीन-चार गिऱ्हाइकं होती. गोदामाच्या दारातून नवरा मानेनेच नको नको करत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"ऐका जरा," मी म्हणाले. "ताईंनी इथली काडीही नेलेली नाही. माल आमच्याच घरच्या माणसाकडून जात होता. त्यांच्यावर संशय घेतला, आमचं चुकलं."

दाराशी आबा खुर्चीतून उठले.

"घरचा माणूस? कोण तो? नाव सांग मला, सूनबाई. या दारातून पुन्हा आत पाऊल टाकू देणार नाही त्याला."