गाजराशिवाय काही नाही

खोटं मला खपत नाही, मग ते कुणी का बोलेना. म्हणून आधीच सांगते, त्या सकाळी मी गोळूला गाजर भरवलं. उकडून कुस्करलेलं गाजर, बस्स.

गोळू माझा नातू. दुधाबरोबर नुकताच वरचं खायला लागला होता. सूनबाईने फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं. केव्हा भरवायचं, किती चमचे, आणि एक नवा पदार्थ सुरू केला की काही दिवस दुसरा नवा द्यायचा नाही, म्हणजे बाधलंच तर कशाने ते कळतं. मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, "अगं, बाळ आहे की सरकारी कचेरी?" पण एकदा हो म्हटलं की मी शब्दाची पक्की. ती बँकेत जायची आणि मी घड्याळ बघून भरवायची.

त्या दिवशी गाजर संपतंय तोच मुलगा घरी आला. तो बेकरीत कामाला. भट्टी बिघडली म्हणून लवकर सुटला होता, एरवी तो येईपर्यंत गोळू झोपलेला असायचा. कोपरापर्यंत हात धुतले, ही सूनबाईची शिस्त, आणि लेकाला खांद्यावर घेतलं. मी वाटी विसळायला आत गेले.

"आई! अगं, हे काय झालं?"

येऊन बघते तर पोराचे ओठ टम्म सुजलेले, अंगभर लाल गांधी उठलेल्या, श्वास घरघरतोय. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. दवाखाना गाठेपर्यंत मी काय बडबडत होते, देव जाणे.

इंजेक्शन दिल्यावर सूज उतरायला लागली. सूनबाईही धावत आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज नवीन काय दिलं होतं?"

"काही नाही. गाजर दिलं, तेही आधीपासून खातोय."

"आणखी काही?"

"गाजराशिवाय काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी सूनबाईकडे बघितलं, सूनबाईने माझ्याकडे. मग मुलाने मला बाजूला घेतलं. माझ्या पोटच्या मुलाने! हळूच म्हणाला, "आई, काहीतरी चाटवलं असशील. सांगून टाक, कुणी रागावणार नाही."

"अरे, जे दिलं नाही ते दिलं कसं म्हणू?"

"हट्ट करू नकोस. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

राग असा आला की डोळ्यांतून पाणीच आलं. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, चुकून काही दिलं तर नसेल ना? हात सुद्धा हुंगून बघितले.

गोळू रडायला लागला तसं मुलाने त्याला उचललं. दात येत होते त्याचे, सापडेल ते तोंडात. बापाच्या शर्टाची कॉलर पकडली आणि चघळायला लागला. बघता बघता ओठ पुन्हा फुगले. सूनबाई किंचाळली. डॉक्टरीणबाईंनी बाळ अक्षरशः हिसकावून घेतलं.

"आत्ता काय दिलंत?"

कुणीच काही दिलं नव्हतं. आम्ही सगळे त्या ओल्या कॉलरकडे बघत राहिलो.

"तुम्ही काम काय करता?"

"बेकरीत," मुलगा म्हणाला. "अक्रोड दळतो, पूड कपड्यांवर उडते."

बोलला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिथल्या तिथे शर्ट काढला, दाराबाहेर फेकला आणि नुसत्या बनियनवर भिंतीला टेकला, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण बाळ बरं झाल्यावरही तो पलंगाजवळ यायला धजेना. गोळू त्याच्याकडे बघून हात पसरत होता आणि हा मान हलवत मागे सरकत होता. "आई," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "गप बस."

गोळूला घरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गाजर बिनधास्त चालू ठेवा. सूनबाईने स्वतः उकडलं, कुस्करलं आणि वाटी माझ्या हातात दिली. "आई, तुम्हीच भरवा," म्हणाली. माझ्याकडे बघायची तिला हिंमत होत नव्हती.

मी चमचा भरला. गोळूने मोठा आ केला. नुसतं गाजर होतं, माझ्या डोळ्यांदेखत शिजलेलं. तो बिचारा तोंड उघडून वाट बघत होता आणि माझा हात काही केल्या पुढे जाईना.