एकही तक्रार नाही

काकू रिकामी बादली घेऊन जिना चढत होत्या आणि पाणी जिना उतरत होतं. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या चष्मेवाल्यांच्या दाराखालून ते येत होतं. चष्मेवाले सकाळीच दुकान उघडायला गेलेले, दाराला कुलूप. काकूंनी दाराशी बादली ठेवली खरी, पण फरशीवर पसरत येणारं पाणी बादलीत धरायचं कसं, ते त्यांना सुचेना.

तेवढ्यात खालून प्लंबर आला. "बाजूला व्हा काकू, पाय घसरेल," म्हणत तो त्यांच्या अंगावरून पुढे गेला, जिन्याच्या वळणावरच्या भिंतीतलं छोटं दार उघडलं आणि आत हात घालून कसलीशी चावी फिरवली. पाणी थांबलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तर अजून कोणालाच फोन केलेला नाही. आणि त्या भिंतीत दार आहे हेही त्यांना आजच कळत होतं.

चार घरांची ही इमारत काकांची. तळमजल्यावर ते दोघं, बाकीच्या तीन घरांत भाडेकरू. कोणाचा नळ गळतोय, कोणाची बेल वाजत नाही, कोणाची स्कूटर कोणाच्या वाटेत येते, हे सगळं काका बघायचे, आणि काकू फक्त चहा करायच्या. गेल्या वर्षी काका गेले. मुलगी परगावी. तिचं म्हणणं होतं, विकून टाक आणि माझ्याकडे ये, हा व्याप तुला झेपणार नाही. काकूंनी वर्षभराची मुदत मागून घेतली होती.

आणि वर्षभरात एकही तक्रार आली नाही. कालच फोनवर त्या मुलीला म्हणाल्या होत्या, तुझ्या बाबांना उगाच धावपळ करायची सवय होती, नीट लक्ष ठेवलं की घर आपोआप चालतं. मुलगी म्हणाली, "आई, इतकं सुरळीत चाललंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय." दोघी खूप हसल्या होत्या.

चष्मेवाले धापा टाकत आले, कुलूप उघडलं. प्लंबर आत शिरला आणि काम करता करता बोलत राहिला. गच्चीवरच्या टाकीचा कॉक बदलला तेव्हाच मी यांना म्हणालो होतो, हा पाइप टिकायचा नाही. मागे वरच्या सिस्टरांच्या मोरीचं पाणी तुंबलं होतं, तेव्हाही बोललो होतो. चष्मेवाले खाकरले, त्याला डोळ्यांनी खुणावून पाहिलं. पण त्याचं डोकं बेसिनखाली होतं.

"टाकीचा कॉक कधी बदलला?" काकूंनी विचारलं.

चष्मेवाले वाकून ओली चटई उचलू लागले. प्लंबरनेही तोंडाला कुलूप घातलं.

काकू बादली उचलून घरी आल्या. चारचौघांत तोंडात बसावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. आपल्याला कोणी कशात धरत नाही, वर्षभर आपण नुसत्या फुशारक्या मारत होतो. त्यांनी फोन हातात घेतला. विकून टाकू, असं मुलीला सांगितलं की विषय संपला. नंबर लावणार तोच दारात सिस्टर उभी दिसली. सगळ्यात वरच्या घरात राहणारी ही बाई एका दवाखान्यात नर्स होती. पाणी तिनेच आधी पाहिलं होतं आणि प्लंबरला नि चष्मेवाल्यांना फोनही तिनेच केले होते.

काकूंनी तिला बसायला सांगितलं नाही. ती आपणहून बसली.

"मी म्हातारी झाले आहे, वेडी झालेले नाही," काकू म्हणाल्या. "मला सांगायला काय झालं होतं?"

सिस्टरने खुर्ची जरा पुढे ओढली.

"मी आले होते सांगायला, काकू. काकांना जाऊन महिनाही झाला नव्हता. माझा नळ बिघडला होता. तुम्ही दार उघडलंत, माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ते बाहेर गेलेत, संध्याकाळी ये."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना यातलं काहीही आठवत नव्हतं.

"मी बरं म्हणाले आणि परत गेले," सिस्टर म्हणाली. "जिन्यात चष्मेवाले भेटले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नळ बसवून दिला. ठरवलं असं कोणी काही नाही. पुढे जे ज्याच्या समोर आलं, ते तो करत गेला."

काकूंनी पदराने फोनची काच पुसली, पुन्हा पुसली आणि तो टेबलावर पालथा ठेवला. मग आत जाऊन चहा ठेवला. कप आणून सिस्टरपुढे ठेवला. दिवसभर उभी राहून दमून येणारी ही बाई, चार शब्द बोलायलाही ज्यांना जड जातं ते चष्मेवाले, आणि मधल्या घरातलं ते नुकतं लग्न झालेलं जोडपं. वर्षभर ही माणसं त्यांच्या डोक्यावरून पायऱ्या चढत-उतरत होती, आणि कोणी त्यांना कसलाही आवाज येऊ दिला नव्हता.

"ते आता घरी नाहीत, हे मला कळलंय," काकू म्हणाल्या. "मी आहे. यापुढे मला सांगत जा."

सिस्टरने मान हलवली आणि कप ओठांना लावला. दोघींपैकी कोणाचेच डोळे कोरडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी प्लंबरला बोलावलं आणि त्याच्याबरोबर इमारत पालथी घातली. कुठली चावी कशाची, हे त्या प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या हाताने फिरवून बघत होत्या. गच्चीच्या जिन्यावर धाप लागली, तरी टाकीच्या झाकणापर्यंत गेल्याच.

मग काहीच घडलं नाही. दिवसांमागून दिवस गेले. भाडेकरू जिन्यात भेटत, हसत, सगळं ठीक आहे म्हणत. काकूंना शंका येऊ लागली की ही मंडळी पुन्हा आपलं आपणच निस्तरतायत. दार वाजलं की त्या लगबगीने जात, तर पेपरवाला असे.

एका दुपारी चष्मेवाले आले. उंबरठ्याबाहेरच उभे राहिले, हातातला रुमाल एकदा उलगडला, एकदा त्याची घडी केली. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही, वारा सुटला की आदळते, असं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. एरवी मोजकंच बोलणारा हा माणूस एका खिडकीबद्दल बरंच काही बोलला.

काकूंनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. बरीच वाट बघायला लावून घरी आलेल्या पाहुण्याचं ऐकावं, तसं.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. काकूंचा चेहरा बघून ते थोडे विचारात पडले.

"बाल्कनीचं दारही जरा कुरकुरतं," ते म्हणाले.

काकूंनी पायात चपला सरकवल्या.