आजीबाईचा जिना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढे व्यत्यय नको. मी एक जिना आहे आणि मला पायऱ्या दोनच. माझ्यावरून कोणी माडीवर गेलं नाही की गच्चीवर गेलं नाही. जमिनीपासून एका पलंगापर्यंत, एवढीच माझी मजल. पण जिना तो जिनाच. मला कोणी स्टूल म्हटलं की माझं डोकं फिरतं.

खानदान म्हणाल तर मोठं आहे हो. माझे सख्खे भाऊ एका बड्या घरात आहेत. वळणदार कठडा, वर काचेचं छप्पर, सगळा थाट. त्या जिन्यातून उरलेले तुकडे म्हणजे मी. कारखान्याच्या कोपऱ्यात भुशाखाली पडून होतो, ना कोणाच्या अध्यात ना मध्यात. दुपारी खिडकीतून ऊन आत यायचं, भुसा हवेत तरंगत राहायचा, आणि त्या पिवळ्या धुरकट उजेडात मला डुलकी लागायची. स्वप्नात मी उंच असायचो. माझ्या पायऱ्या संपायच्याच नाहीत.

माझ्या मालकाला सगळे जिनेवाला म्हणतात. सुतार खरा, पण जिन्याशिवाय दुसरं काही करत नाही. कोणी दार करून मागितलं की तोंड वाकडं करतो. घरी त्याची मोठी बहीण, ताई. ती जन्मभर दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त झाली आहे. जिनेवाल्याचे केस पिकले तरी तिच्या लेखी तो अजून बाळ्याच. दोघांचं कधी लग्न झालं नाही, किंवा दोघांनी केलं नाही. त्याबद्दल ती दोघं बोलत नाहीत, तेव्हा मीही बोलत नाही.

आणि तिसरी आजीबाई. ही कुत्री. प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेली, अंगाने बारीक, आणि हनुवटी आधीपासूनच पांढरी, म्हणून ताईने हे नाव ठेवलं. तिला आणलं तेव्हा मी अजून भुशात होतो. पण ताई ती हकिगत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि जिना काय उठून जाणार आहे थोडाच? मला ती तोंडपाठ झाली आहे.

निवाऱ्यातल्या बाईंनी दोरी हातात देताना एकच गोष्ट बजावली होती. "हिला जेवायला काहीही चालतं. फक्त उचलू नका. कोणीतरी हिला चालत्या गाडीतून उचलून फेकलं होतं. पाय जमिनीवरून सुटले की ही किंचाळते."

ताईने घरी आल्यावर स्वतःचा नियम सांगितला. "पलंगावर चढवायचं नाही हं बाळ्या. आधीच सांगते." तो नियम आठवडाभरही टिकला नाही. जिनेवाला दुपारी घरी जेवायला येतो आणि जेवल्यावर घटकाभर आडवा होतो. एके दिवशी आजीबाईने उडी मारली आणि त्याच्या गुडघ्यांमागे जाऊन गोल होऊन झोपली. ताई दारात आली, बघितलं, आणि पडदा ओढून गेली.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका दुपारी आजीबाईची उडी चुकली. पुन्हा मारली, पुन्हा चुकली. जिनेवाल्याने न राहवून तिच्या पोटाखाली हात घातला, आणि तिने अशी किंकाळी फोडली की शेजारीण धावत आली. किती वर्षांचा लळा, पण भीती काही तिच्या अंगातून गेली नव्हती. जिनेवाला हात मागे घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. त्या दुपारी दोघंही जमिनीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने भुशात हात घालून मला बाहेर काढलं.

माझा जन्म असा झाला, आणि जन्मतःच मी फसलो. जिनेवाल्याने मला बनवलं अगदी काटेकोर. पायरीची उंची बरोबर, रुंदी बरोबर, माणसाचं पाऊल कसं सहज पडावं. पलंगाला लावून त्याने ऐटीत आजीबाईला हाक मारली. ती आली. पुढचे दोन पाय तिने माझ्या दुसऱ्या पायरीवर ठेवले, मागचे दोन जमिनीवरच राहिले, आणि मधलं पोट पहिल्या पायरीच्या कडेवर टेकलं. ना वर, ना खाली. तिथे अडकून तिने आधी जिनेवाल्याकडे बघितलं, मग ताईकडे.

"बाळ्या," ताई म्हणाली, "हिला पाय किती रे?"

"चार. का?"

"काही नाही. तू दोन पायांवाल्याचा जिना केला आहेस म्हणून विचारलं."

जन्मभर जिने केलेला माणूस, पण गिऱ्हाईक कोण हेच विसरला. ताई पदर तोंडाला लावून हसत होती. त्याच संध्याकाळी त्याने मला मोडून पुन्हा जोडलं. पायऱ्या बुटक्या केल्या आणि चांगल्या पसरट केल्या, म्हणजे एका पायरीवर चारही पाय मावतील. मी जरा बेढब झालो खरा. पण आजीबाई आली, पहिल्या पायरीवर उभी राहिली, मान वळवून जिनेवाला मागे आहे ना बघितलं, आणि सावकाश वर गेली. तिच्या पावलांचा तो पहिला भार मला आवडला.

त्यानंतरच्या दुपारी म्हणजे माझ्या आयुष्यातलं सुख. पडदा ओढलेला असायचा, खोलीत पाण्याखाली असतो तसा हिरवट उजेड. वर दोघांचे श्वास. पलंगाची कड मला टेकलेली, त्यामुळे वरचं सगळं मला आतून कळायचं. आजीबाई झोपेत धावायची. तिचे पाय गादीवर हलायचे आणि ते धावणं झिरपत माझ्या लाकडात उतरायचं. कुठे धावत असेल ती, काय माहीत. मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून कुठल्यातरी मोठ्या मैदानात आहोत, आणि मैदानात अगदी मधोमध एक जिना आहे. असलं काही स्वप्नातच खपतं.

ती आजारी आहे हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. ती पाणी जास्त प्यायला लागली, जेवण तसंच राहायला लागलं, हे त्यांनी नंतर पाहिलं. मला तिच्या पावलांवरून आधीच समजलं होतं. भार कमी होत चालला होता. मी आपल्या परीने सांगायचा प्रयत्न केला. करकरलो. जिनेवाल्याने काय करावं? माझे स्क्रू आवळले आणि तेल घातलं. आता याला काय म्हणणार? माणसं फार प्रेमाने चुका करतात.

जनावरांच्या डॉक्टर घरी आल्या. त्या जिनेवाल्याच्या जुन्या गिऱ्हाईक, त्यांच्या घरचा जिना त्यानेच केलेला. त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या, आजीबाईला तपासलं, रक्त घेतलं. दोन दिवसांनी येऊन म्हणाल्या, "मूत्रपिंडं थकली आहेत. औषधांनी काही दिवस बरे जातील. बरी मात्र होणार नाही."

ताईने मान हलवली. जिनेवाल्याने विचारलं, "जिना चढला तर चालेल ना?"

त्या माणसाला तेवढंच सुचलं. पुढेही तसंच. ताई सलाईन लावायची, औषध भरवायची, अंग पुसायची, आणि जिनेवाला माझ्याशी झटापट करायचा. आजीबाई घसरली, त्याने माझ्यावर सतरंजी ठोकली. ती दुसऱ्या पायरीवर दमली, त्याने दोनाच्या तीन पायऱ्या केल्या. माझं पायऱ्या वाढण्याचं स्वप्न असं पुरं व्हावं, हे मला हवं होतं असं नाही. मग तिला पाय उचलवेनासे झाले, तेव्हा त्याने पायऱ्याच काढून टाकल्या आणि माझ्या पाठीवर एक फळी ठोकली. जिन्याचा उतार झाला. जिन्याचा उतार करणं म्हणजे माणसाला रांगायला लावणं. पण मी तक्रार केली नाही. कोणासाठी चाललं आहे ते मला माहीत होतं.

आजीबाई काही दिवस त्या उतारावरून वर गेली. मग अर्ध्यापर्यंत. मग फक्त हनुवटी माझ्यावर टेकवून उभी राहायची. तिची ती पांढरी हनुवटी आणि तोंडाला येणारा आजाराचा वास. खायचं तिने सोडलंच होतं. उलटी व्हायची आणि मग ती अपराध केल्यासारखी कोपऱ्यात तोंड करून बसायची. ते मला बघवत नसे.

"बाळ्या, आता तिला सोडू या," ताई एका सकाळी म्हणाली. "तिला फार त्रास होतो आहे."

"आज पाणी प्याली ती. मी बघितलं."

"मीही बघितलं. नंतरची उलटीही बघितली."

"उतार जरा जास्त आहे गं. म्हणून दमते. मी बदलतो ना."

"मी उताराबद्दल बोलत नाहीये."

तो उठून कारखान्यात निघून गेला. मला राग आला त्याचा, सरळच सांगतो. आणि कीवही आली. त्याला निरोप घ्यायचाच नव्हता. जोपर्यंत माझ्यात काहीतरी दुरुस्त करण्यासारखं उरलं आहे तोपर्यंत आजीबाई जाणार नाही, असं कुठेतरी त्याच्या मनाने घेतलं होतं. आणि तिकडे ती बिचारी रोजचा दिवस ओढत होती.

दुपारी तो लांबलचक नवी फळी खांद्यावर घेऊन आला. जेवला नाही. गुडघ्यांवर बसून माझी जुनी फळी उचकटली, नवी लावली. मी आता खोलीच्या दारापर्यंत पोचलो होतो. आजीबाई माझ्या पायथ्याशी पडून होती. तिने डोळे उघडून फळीकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

"अजून थोडा कमी करायला हवा," तो स्वतःशीच म्हणाला आणि पुन्हा टेप काढली.

ताई येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तिचे गुडघे दुखतात, ती सहसा खाली बसत नाही.

"बाळ्या, मला एक सांग. मला तुझ्या कामातलं कळत नाही. उतार असा कमी कमी करत गेलं, तर शेवटी काय होतं?"

"सपाट होतं," तो म्हणाला.

म्हणाला आणि टेप हातात तशीच धरून बसला. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि हा एवढा मोठा माणूस बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. ताई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली, लहानपणी फिरवत असेल तसा.

"तिला वर न्यायचं सोड आता," ती म्हणाली. "आपणच खाली येऊ."

दोघांनी मिळून गादी ओढली आणि जमिनीवर टाकली. मला उचलून भिंतीशी उभं केलं. माझं काम संपलं होतं आणि मला मोकळं वाटलं. जिनेवाला गादीच्या कडेला, जवळजवळ फरशीवरच, आडवा झाला. आजीबाईने बराच वेळ घेतला, पण कोणाच्याही मदतीशिवाय पुढे सरकली आणि त्याच्या गुडघ्यांमागे जाऊन गोल झाली. पडदा ओढलेला. तोच हिरवट उजेड. ताई उशाशी बसून होती.

"डॉक्टरांना फोन कर ताई," तो डोळे न उघडता म्हणाला. "उद्या बोलव. दुपारी. ती झोपलेली असते तेव्हा."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. चपला दाराबाहेर काढून, अनवाणी, आवाज न करता. त्यांनी आधी नीट समजावून सांगितलं. पहिलं इंजेक्शन गाढ झोपेचं. मग दुसरं. तिला काही कळणार नाही. जिनेवाला ऐकत होता की नाही कोण जाणे. आजीबाईचा कान तो दोन बोटांत धरून कुरवाळत होता.

"आजीबाई," तो म्हणाला, "मला हे जमत नाहीये गं. मुळीच जमत नाहीये. पण तू जा. माझ्यासाठी थांबू नकोस. तुझ्याइतकी माया मला कोणी लावली नाही." मग ताईकडे बघून म्हणाला, "तू लावलीस, पण तू रागावतेस."

ताई रडता रडता हसली. डॉक्टरांनी मान खाली घातली.

आजीबाई झोपली. थोडा वेळ तिचे पाय गादीवर हलले. मी भिंतीशी होतो, पलंगाला टेकलेला नव्हतो, त्यामुळे या वेळी ती कुठे धावत होती ते मला कळलं नाही. मग पाय थांबले.

संध्याकाळी परसात न्यायची वेळ आली. जिनेवाला वाकला, पोटाखाली हात घालणार तेवढ्यात सवयीने थबकला. मग त्याने तिला उचललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला कडेवर घेतलं होतं. दारापर्यंत जाऊन तो थांबला आणि म्हणाला, "ताई, किती हलकी आहे गं ही." मला ते कधीचंच माहीत होतं. पण ते माझ्या लाकडातून बाहेर कसं पडणार?

गादी बरेच दिवस जमिनीवरच होती. ताईने एकदाही वर टाक म्हटलं नाही. मग एके दिवशी जिनेवाल्याने ती स्वतःच वर टाकली आणि मला खांद्यावर घेऊन कारखान्यात आला. मला वाटलं, झालं, आता करवत. त्याने माझी लांबलचक फळी काढली आणि माझ्या दोन पसरट पायऱ्या पुन्हा जागच्या जागी बसवल्या. मग मला खिडकीजवळच्या खुंटीवर टांगलं. आता मी नमुना आहे. कारखान्यात नमुन्याला मान असतो, तो तुम्हाला कळायचा नाही.

नमुना कसला, ते सांगतो. हल्ली तो जो जो जिना करतो, त्याची सगळ्यात खालची पायरी माझ्या मापाची असते. बुटकी आणि चांगली पसरट. वरच्या सगळ्या नेहमीसारख्या, पण खालची तशी. गिऱ्हाईक विचारतं, "मिस्त्री, ही एवढी पसरट कशाला? जागा फुकट जाते."

"बसायला," तो म्हणतो, आणि रंधा मारत राहतो.

भुसा उडतो, पिवळ्या उजेडात तरंगतो, आणि मला इथे टांगल्या टांगल्या डुलकी लागते. आता मला उंच व्हायची स्वप्नं पडत नाहीत. तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. कुठल्या घरी अशी खालची पायरी दिसली, तर वर जायची घाई करू नका. घटकाभर तिच्यावर बसा. आणि बसाल तेव्हा एका कडेला सरकून बसा. शेजारी थोडी जागा राहू द्या.