पडदेवालीची बस

बस विकत घ्यायला गेलेला माणूस आधी इंजिन बघतो, मग टायर बघतो आणि शेवटी किंमत ऐकून तोंड वाकडं करतो. पडदेवाली बाई मात्र बसमध्ये चढली, मधल्या वाटेत ताठ उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून तिने कडकडून आळस दिला. बोटं थाडकन छताला लागली.

"ही नको," म्हणत ती खाली उतरली.

जुन्या गाड्यांचा दलाल बघतच राहिला. "अहो बाई, बस आहे ती. बसमध्ये बसायचं असतं. आळस कोण देतं?"

"मी देणार. मोकळेपणी आळस देता येत नाही ते कसलं घर?"

दलालाने आशेने तिच्या नणंदेला शोधलं. नणंद सापडली ती शेजारच्या बसखाली. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते. तिने वर्षानुवर्षं शाळेची बस चालवली होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. तिच्याकडून दलालाला मदत मिळण्याची काही चिन्हं नव्हती.

या दोघींच्या डोक्यात बसचं खूळ कुठून शिरलं, ते आधी सांगायला हवं.

पडदेवालीने जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्या मोजल्या. घरी येऊन माप घ्यायचं, कापड बेतायचं, मशीनवर शिवायचं आणि पुन्हा जाऊन शिडीवर चढून पडदे लावून द्यायचे, असा तिचा धंदा. नवरा गेल्यावरही मशीन थांबलं नाही. पण राहती भाड्याची जागा मालकाला परत हवी झाली, आणि तिच्या दोन्ही मुलांनी फोनवर आपसात ठरवून टाकलं: आईने सहा महिने थोरल्याकडे राहायचं, सहा महिने धाकट्याकडे. पोरं वाईट नव्हती. फक्त आईला विचारायचं तेवढं राहून गेलं.

थोरला तिला हौसेने जागा दाखवायला घेऊन गेला. हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीला लागून एक पलंग मावेल एवढी जागा त्याने रिकामी केली होती.

"आणि माझं मशीन?"

"आता कशाला मशीन, आई? पुष्कळ राबलीस. आराम कर." मग कोपऱ्याकडे मान वाकडी करून बघत तो म्हणाला, "इथे मध्ये एक पडदा टाकू. पाहुणेबिहुणे आले तर बरं दिसेल. तूच शिव ना छानपैकी. तुझ्यासारखा कोण शिवणार?"

तो हे अगदी मायेने बोलला. म्हणून तर ते जास्त लागलं. सवयीने तिचा हात पिशवीत गेला, टेप निघाली, एक टोक भिंतीवर टेकलंसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की आपण आपल्यालाच झाकायचं माप घेतोय. तिने टेप गुंडाळून पिशवीत टाकली आणि "बघू" एवढंच म्हणाली. त्या घरात "बघू" म्हणजे "नाही", हे थोरल्याला लहानपणी चांगलं ठाऊक होतं. मोठेपणी तो विसरला होता.

ती तिथून थेट नणंदेकडे गेली. नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वहिनी, बसमध्ये घर करून राहतात लोक. पाहिलंयस का कधी?"

"चित्रात पाहिलंय, वन्सं."

"मला बस चालवता येते. तुला शिवता येतं, मापं कळतात. स्वयंपाक दोघींनाही बेताचाच येतो. अडलंय कुठे?"

लग्न झाल्यापासून पडदेवालीच्या तोंडी बसलेलं 'वन्सं' अजून सुटलं नव्हतं, पण त्या दोघींचं भांडण कधीच संपलं होतं. ज्याच्यावरून भांडायच्या तो माणूसच उरला नव्हता.

तर आता त्या दलालाच्या आवारात होत्या. रांगेने बसगाड्या उभ्या होत्या, काही धडधाकट, काही खिळखिळ्या. दलालाने एका पिवळ्या बसवर प्रेमाने थाप मारली. "ही बघा! तुमच्याच शाळेची. तुमच्याच हातची. जुनी ओळख आहे, हिला सोडून जाऊ नका."

नणंद बसखालून बाहेर आली आणि तिने हात पुसले. "हिला? हिच्या क्लचने माझा गुडघा खाल्ला. वळणावर ही मुलांइतकीच ओरडते. ओळख आहे म्हणूनच नको."

शेवटची बस कुठल्याशा कारखान्याची होती. कामगारांना ने-आण करणारी, रंग उडालेली, पण छत उंच. पडदेवाली आत शिरली, तिने हात ताणले, टाचा उंचावल्या, तरी छत दूरच राहिलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि मागच्या चाकावरचा रबराचा गालिचा उचलून तिने पत्र्यावर नखाने टकटक केलं. बसमध्ये पाणी शिरलं की ते इथेच साठतं आणि पत्रा आतून खातं, हे तिला नणंदेने शिकवून ठेवलं होतं. पत्रा खणखणीत वाजला.

"इंजिन?" तिने खिडकीतून विचारलं.

"थोडं खोकतं. पण खोकणारी माणसं फार जगतात."

"मग हीच. सीट काढल्या की मशीन त्या खिडकीशी, उजेडात. पलंग मागे."

"आणि ती सगळी नोंद परिवहन कार्यालयात बदलून घ्यायची, नाहीतर पहिल्याच चौकात अडवतील," नणंद म्हणाली. "ते माझ्याकडे लागलं."

सही करायला दोघी दलालाच्या खोलीत बसल्या, तेवढ्यात बाहेर ब्रेक करकचले. थोरला आला होता. सकाळी पडदेवालीनेच त्याला फोन करून सांगितलं होतं. चोरून काही करायचं तिला माहीतच नव्हतं. त्याने आपली गाडी बरोबर फाटकात आडवी घातली आणि आत आला.

"आई, काय चाललंय हे? साठी बुद्धी नाठी म्हणतात ते..."

"साठीला माझी बुद्धी जागेवर होती, बाळा. म्हणून तुझं लग्न नीट पार पडलं. आता सत्तरी आली."

"आत्या, निदान तू तरी!"

"मी तरी काय? मी ड्रायव्हर आहे. मालकीणबाईंशी बोल."

थोरल्याचा आवाज चढला. "रस्त्यात पडलीस, आजारी पडलीस, तर? लोक आम्हालाच विचारणार, दोन मुलं असून आई बसमध्ये का राहते!"

"मग सांग त्यांना. बसमध्ये राहते, कारण हॉलमध्ये तिच्या मशीनला जागा नव्हती."

दलालाला घरगुती भांडणांचा अनुभव असावा. त्याने कागद हळूच पडदेवालीपुढून सरकवले, थोरल्यापुढे ठेवले आणि पेनही त्याच्याच हातात दिलं. "साहेब, तुमचं एकदा ठरू द्या. तुम्ही हो म्हणा, मग बाई सही करतील."

पडदेवाली उठली. तिने मुलाच्या हातातून पेन काढून घेतलं, लहानपणी कात्री काढून घ्यायची तसं, सावकाश.

"बस मी घेतेय. पैसे माझ्या खात्यातून जाताहेत. त्याचं हो तुम्हाला कशाला हवं?" असं दलालाला विचारून तिने प्रत्येक पानावर वळणदार सही केली.

"करा काय करायचं ते," थोरला म्हणाला. "मी गाडी हलवणार नाही. बघतो कशी निघते बस."

तो बाहेर जाऊन आपल्या गाडीत बसला, काचा वर केल्या आणि हाताची घडी घातली. आई विनवायला येईल, अशी त्याची खात्री होती.

नणंदेने आवाराला एक चक्कर मारली आणि परत आली. "मागे एक फाटक आहे. अरुंद आहे. आणि उलटं जावं लागेल."

"जमेल?"

"मागे कुणी तरी उभं राहायला हवं. जोरात ओरडणारं."

"ते मला येतं," पडदेवाली म्हणाली. आजवर तिला तशी संधी मिळाली नव्हती, एवढंच.

बस दोनदा खोकली आणि गुरगुरली. पडदेवाली मागे जाऊन दोन्ही पाय फाकवून उभी राहिली. "येऊ द्या, वन्सं! येऊ द्या! सरळ! थोडं डावीकडे! येऊ द्या, मी आहे!" तिचा आवाज आवारभर घुमला. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. बघेनात का.

मागचा भाग फाटकातून निम्मा बाहेर आला, तेवढ्यात कुणीतरी धावत आल्याचा आवाज झाला.

"आत्या, खांब! उजवीकडे खांब आहे!"

थोरला धापा टाकत उभा होता. खिडकीतून नणंदेचं डोकं बाहेर आलं. "दिसतोय मला! तू रांगत होतास तेव्हापासून दिसतायत मला खांब!"

बस रस्त्यावर आली. पडदेवाली पुढच्या दाराशी गेली, तेव्हा थोरला तिच्या मागोमाग आला. आता त्याचा आवाज उतरला होता. "आणि जाणार कुठे?"

"पहिल्यांदा तुझ्याकडेच. सहा महिने ठरलेत ना? ठरलेलं मी मोडत नाही. सुनेला सांग, जेवायला तुमच्यात येईन, झोपायला माझ्या घरी."

"आमच्या गल्लीत ही मावायची नाही, आई."

"मग गल्लीच्या तोंडाशी लावू. चार पावलं चालेन मी, अजून पाय आहेत."

तो कपाळावरचा घाम पुसत उभा राहिला.

ती पायरी चढली, दांडा धरला आणि वळून त्याला म्हणाली, "जा, तुझी गाडी काढ फाटकातून, त्या माणसाचा धंदा अडलाय. आणि ये मागून. हॉर्न मात्र वाजवायचा नाही. आम्ही सावकाश जाणार आहोत."