मैनाची टाळी

नाशिक रोडच्या कॉलनीत भीमजयंतीचं गाणं असलं, की विमलाबाई मैनाला घेऊन मांडवाच्या कडेला बसायच्या आणि लेकीचं मनगट घट्ट धरून ठेवायच्या. मैना तिशीची, पण लोक तिला खुळी म्हणायचे. घरच्या रेडिओकडे ती ढुंकूनही बघत नसे. समोर ढोलकी वाजली की मात्र अंगभर हलायची. भलत्याच वेळी टाळ्या वाजवील, ही आईला धास्ती.

अठ्ठ्याहत्तर साली ढोलकीवाला कारभारी दोन गाण्यांच्या मध्ये भडकलाच. "मावशी, सोडा की तिचा हात! मघापासून मान ठेक्यातच हलतेय तिची."

विमलाबाईंनी हात सोडला. पुढच्या गाण्याला मैना खदखदून हसत टाळ्या वाजवू लागली. एकही चुकली नाही. मग विमलाबाईंनीही वाजवून पाहिली. त्यांचीच चुकत राहिली.

मैनाने आईचं मनगट घट्ट धरलं आणि ठेका जमेपर्यंत सोडलं नाही.