बाबाने पांढरा केलेला भोकाचा पैसा

किरनापुरच्या बाजारात बाबाभोवती बायाबापड्यांची झुंबड उडाली होती. आजारी लेकराच्या गळ्यातला, काळ्या दोऱ्यात ओवलेला जुना भोकाचा पैसा बाबा चिकटपट्टी गुंडाळलेल्या बोटांनी, ओल्या फडक्याने घासायचा. काळवंडलेले तांबे बघता बघता चांदीसारखे पांढरे व्हायचे.

"पैसा गोरा हुआ, रोग बाहर हुआ," बाबा ओरडायचा. यमक जुळले की लोकांना आजारही बरा झाल्यासारखा वाटायचा.

पौर्णिमाला शिसारी आली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि लहानपणापासून तांब्याचे जुने पैसे जमवायची, अगदी घरोघरी पडून असलेले, साधे. तांबे काळे पडते, हिरवे होते, चिंचेने लाल होते. आपणहून पांढरे कधी होत नाही. आणि रांगेत तिची वहिनी रीना उभी होती. कडेवरची पोरगी तापाने फणफणलेली, दात येत असल्यामुळे गळ्यातला पैसा चोखत होती.

"वहिनी, दवाखान्यात काहून नाही नेलं?"

"डॉक्टरले दाखवलं तं पैसा गोरा होत नाही म्हणते बाबा. आता आपलाच नंबर आहे, ताई."

पौर्णिमाने पर्समधला एक पैसा काढला आणि ती पुढे झाली. "बाबा, हा माह्या पोराचा. ताप उतरून नाही राह्यला."

बाबाने डोळे मिटून पैसा घासला. तो पांढरा झाला. "जा बेटी, तेरा बच्चा ठीक हो गया."

"मले पोरगंच नाही, बाबा. लग्नच नाही झालं माह्यं."

कोणीतरी फिसकन हसले.

"आता हा पैसा तुम्ही तोंडात धरा."

बाबाने झटकन तोंड फिरवले. "साधू पैसे को मुँह नहीं लगाता."

"हौ, अन् लेकरानं चोखायचा? विष आहे म्हणूनच तं तुमच्या बोटाइले चिकटपट्टी आहे." ती लोकांकडे वळली. "फडक्यात पाऱ्याचं मीठ आहे. घासलं की तांब्यावर पारा चढते. पोटात गेला तं किडनी खराब होते. रोग अंगात राह्यते, पैशात नाही. लेकरू डॉक्टरले दाखवा."

बाबा झोळी आवरू लागला. रीनाने पोरीच्या गळ्यातला दोरा तोडून फेकला आणि ती तशीच दवाखान्याकडे निघाली.

गर्दीतली म्हातारी मैनाबाई मात्र जागीच थिजली होती. "मागच्या बाजारी नातवाचा पैसा गोरा करून नेला मी," ती पुटपुटली. "दिवसभर चोखत राह्यते तो."

आणि म्हातारी घराकडे पळत सुटली.